वहीकाकांचा दहावा अर्ज

वहीकाकांना कंपनीने नऊ वेळा नाकारलं होतं, आणि कंपनीत शिरायचं कसं हे विचारायला अख्खं शहर त्यांच्याकडेच येत होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, असं त्यांचा मेहुणा म्हणायचा. मेहुण्याचं काय जातंय म्हणायला! त्याला जन्मात कुणी मुलाखतीला बोलावलं नव्हतं, त्यामुळे नाकारण्याचाही प्रश्न आला नव्हता.

शहरात कॉम्प्युटरच्या कंपन्या पुष्कळ होत्या, पण नुसतं 'कंपनी' म्हटलं की ती एकच. नदीपलीकडची, निळसर काचांची. तिथलं ओळखपत्र गळ्यात असलेला माणूस बसमध्ये चढला की लोक त्याच्याकडे चोरून बघायचे. भाड्याने खोली देणारा मालक 'कंपनीत आहे' एवढं ऐकलं की पुढचा प्रश्न विचारत नसे. हजारांनी अर्ज करावा, पन्नासांना बोलावणं यावं आणि दोघांनी आत जावं, असा तिथला खाक्या.

वहीकाका नोकरीला होते ते पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात. तळमजल्यावर एक लांबट खोली, तीन खिडक्या, आठ टेलिफोन, आणि भिंतभर शहरातल्या पाण्याच्या पाइपांचा नकाशा. नकाशाच्या मागे भिंतीला ओल आली होती. त्या ओलीची तक्रार मात्र आजवर कुणी नोंदवली नव्हती.

पूर्वी या खोलीत नुसता गोंधळ असायचा. एका गल्लीचं पाणी गेलं की चाळीस फोन, चाळीस कागद, आणि फिटर बिचारा चाळीस दारं वाजवून तोच कोरडा नळ चाळीसदा बघायचा. वहीकाकांनी दोन वर्षं खपून एक प्रोग्रॅम लिहिला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. कुठलं घर कुठल्या पाइपावर, तो पाइप कुठून येतो, वाटेत कुठले व्हॉल्व्ह, हे सगळं त्यांनी त्या प्रोग्रॅमला शिकवलं. आता चाळीस तक्रारी आल्या की त्यांची एकच तक्रार व्हायची, आणि आधी कुठला व्हॉल्व्ह बघायचा तेही खाली लिहून यायचं. फिटर पाचच्या ठोक्याला घरी जाऊ लागला.

गोष्ट चांगली चालली की तिच्याकडे कोण बघतो? मोठ्या साहेबांना वाटलं, लोकांच्या तक्रारीच कमी झाल्या. त्याबद्दल त्यांना वरून शाबासकीचं पत्र आलं, ते त्यांनी काच लावून टांगलं. फिटर तेवढा एकदा वहीकाकांच्या टेबलापाशी थांबून म्हणाला, "साहेब, हे तुमचं यंत्र बरंय हो." आणि गेला.

फिटरची शाबासकी खरी होती, पण वहीकाकांची तहान तेवढ्याने भागली नाही. त्यांना हवा होता एक जाणकार. ज्याला हे काम कळतं अशा कुणीतरी त्यांचा प्रोग्रॅम आतून बघावा, डोळे बारीक करून बघावा, चुका काढाव्यात, आणि मग म्हणावं की छान आहे. असली माणसं सगळी त्या निळ्या काचांच्या आत. बायकोला वाटायचं, नवऱ्याला मोठ्या पगाराची हाव सुटलीय. मेहुण्याला वाटायचं, वेड लागलंय. वहीकाकांना मात्र आत जायचं होतं ते फक्त दाखवायला. हे ते कुणाला बोलले नाहीत, कारण चाळिशीला टेकलेल्या माणसाने असं काही बोललं की लोक हसतात.

तर पहिला अर्ज त्यांनी एकतिसाव्या वर्षी केला. कंपनीची रीत अशी: पाच खोल्या, पाच माणसं, प्रत्येक जण एक कोडं घालणार. फळ्यासमोर उभं राहायचं आणि बोलत बोलत सोडवायचं. मग पाचही जण फॉर्मवर गुण भरणार, आणि मशीन त्यांची सरासरी काढून हो की नाही ते सांगणार. नाही आलं, तर त्या तारखेपासून एक वर्ष थांबायचं आणि पुन्हा अर्ज करायचा.

पहिल्या वर्षी ते घाबरले. दुसऱ्या वर्षी कमी बोलले, तिसऱ्या वर्षी जास्त बोलले. चौथ्या वर्षी 'अनुभव अपुरा' असं कळवण्यात आलं, आणि पाचव्या वर्षी 'या जागेसाठी अनुभव जास्त'. या दोन्हींच्या मधे कुठेतरी एखादा मंगळवार गेला असेल, ज्या दिवशी त्यांचा अनुभव अगदी बेताचा होता. पण त्या दिवशी त्यांना बोलावलं नव्हतं.

दरवेळी घरी आले की चपला काढायच्या आधी ते वही उघडत. विचारलेलं प्रत्येक कोडं स्वच्छ अक्षरात लिहीत, आणि पुढल्या महिन्याभरात त्याचं उत्तर काढून खाली मांडत. पुढच्या वर्षी हेच विचारलं तर? पुढच्या वर्षी त्यांना कधीच ते विचारत नसत. पण वही भरत गेली, आणि माणसाला नाव पडायला एवढं पुरतं.

वही पहिल्यांदा बाहेर गेली ती वरच्या मजल्यावर. तिथे तीन बहिणी राहत. धाकटीला सगळे शेंडेफळच म्हणत, अगदी तिच्या कॉलेजातसुद्धा. ती एक दिवस दारात येऊन म्हणाली, "काका, मला कंपनीत बोलावलंय. तुमची ती वही मिळेल का दोन दिवस?"

"दोन दिवस कशाला, महिनाभर ठेव. सातव्या पानावरचं नीट समजून घे, तिथे सगळे घसरतात."

शेंडेफळ पहिल्या फटक्यात आत गेलं. पेढ्यांचा पुडा घेऊन... छे, पुडा वगैरे काही नाही. धावत खाली आली आणि काकूंच्या गळ्यात पडली. मग वहीकाकांकडे वळून हळूच म्हणाली, "काका, पाचातली तीन वहीतली होती!"

वहीकाका खूश झाले, आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मग तू सांगितलंस ना, की ऐकलंय म्हणून?"

कारण कंपनीचा तसा नियम होता. दारावरच लिहिलेलं असे: कोडं आधी ऐकलं असेल तर तसं सांगा, दुसरं देऊ. दुसरंही ऐकलेलं निघालं तर तिसरं. तिसरंही तसंच निघालं, तर त्या खोलीचा रकाना कोरा.

शेंडेफळ हसली. "काका, कोण सांगतं हो? दोन मिनिटं भुवया आवळल्या, छताकडे बघितलं, एकदा चुकल्यासारखं केलं, आणि मग सुचल्यासारखं केलं."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "शीक, शीक जरा तिच्याकडून!" काकू चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायच्या. दिवसभर लोक 'दिसतंय, दिसतंय' म्हणत खोटं बोलतात आणि तरी जग चालतं, हे त्यांनी रोज बघितलं होतं.

त्यानंतर वहीला पाय फुटले. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने तर तिची एक प्रत कायमची गल्ल्यामागे ठेवली. मुलं यायची, प्रत न्यायची, आत जायची, आणि कृतज्ञता म्हणून आपल्याला विचारलेली नवी कोडी आणून द्यायची. वहीकाका तीही लिहून घेत. एकीच्या तीन वह्या झाल्या, साडेतीनशे कोडी झाली. आत गेलेली मुलं दोन-तीन वर्षांत स्वतः मुलाखती घ्यायला बसू लागली. आता मुलाखत घ्यायची म्हणजे कोडं हवं, आणि कामाच्या धबडग्यात नवं कोडं कोण रचत बसतो? पूर्वी पाठ केलेलं आठवायचं आणि विचारायचं. आवळा देऊन कोहळा काढतात तसं नव्हे; इथे वहीकाकांनी कोहळा दिला आणि बदल्यात त्यांना दरवर्षी नाहीचं पत्र मिळालं. पण आपण काय करून बसलोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते आलं दहाव्या अर्जाच्या दिवशी.

दहाव्या वेळी काकूंनी बजावलं. "हे शेवटचं हं. चाळीस पूर्ण झाली तुम्हाला. आणि आज कृपा करून तो खरेपणा घरी ठेवून जा. भुवया आवळता येतात ना?"

"येतात की."

"आवळून दाखवा."

वहीकाकांनी आवळल्या. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "दात दुखतोय असं वाटतंय. पण चालेल."

पहिल्या खोलीत एक दाढीवाला तरुण होता. त्याने कोडं सांगायला सुरुवात केली आणि वहीकाकांनी ते लगेच ओळखलं. दुसरी वही, बाविसावं पान. त्यांनी भुवया आवळल्या, छताकडे बघितलं. पण हाताला कुठे नाटक येतं? तरुणाचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांच्या हाताने फळ्यावर उत्तराची पहिली ओळ लिहून टाकली होती.

"तुम्ही हे आधी ऐकलंय का?" तरुणाने विचारलं.

आता ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं. "ऐकलंय," वहीकाका म्हणाले.

दुसरं दिलं. तेही ऐकलेलं. तिसरं कोडं होतं एका इमारतीतल्या चार लिफ्टचं. ते ऐकून मात्र वहीकाका दचकलेच. मूळ कोड्यात लिफ्ट तीन होत्या. चौथ्या वर्षी धीर न निघून बसमध्येच वहीत उतरवताना त्यांनी घाईत चार लिहिल्या होत्या, आणि चार लिफ्ट धरल्या की त्या कोड्याला उत्तरच नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी समासात बारीक अक्षरात 'तीन' अशी दुरुस्ती केली होती, आणि जागा उरली नाही म्हणून उत्तरही तिथेच लिहिलं होतं. पण झेरॉक्सवाल्याच्या मशीनला समास दिसत नव्हता.

"हे कोडं तुम्ही किती दिवस विचारताय?" त्यांनी घाबरतच विचारलं.

"तीन वर्षं. का?"

"कुणाला आलं?"

"नाही ना कुणालाच!" तरुण अभिमानाने म्हणाला. "फार अवघड आहे. यावरच बरेच जण गळतात."

वहीकाकांनी खडू उचलला आणि चार लिफ्टनी ते का सुटूच शकत नाही हे पाच ओळींत दाखवलं. तरुण फळ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला. तीन वर्षांत आपण घरी पाठवलेली माणसं त्याला बहुधा एकेक करून आठवत असावीत. मग त्याने नियमाप्रमाणे 'आधी ऐकलेलं' या चौकटीत खूण केली आणि रकाना कोरा सोडला.

दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खोलीत तेच झालं. दहा वर्षं ज्या दाराबाहेर उभं राहून त्यांनी प्रश्न वेचले, ते दार आज उघडलं तर आत सगळा त्यांचाच माल. वहीकाकांना हसूही येईना आणि रडूही येईना. चौथ्या खोलीतून बाहेर पडताना त्यांना एवढं कळलं, की आपल्याला नापास करायला या इमारतीत आता एकही प्रश्न शिल्लक नाही, आणि पास करायलाही.

पाचव्या खोलीत शेंडेफळ बसली होती. आता ती मोठी अधिकारी होती, केस कापलेले, समोर पाण्याची बाटली. तिने तीन कोडी विचारायचा सोपस्कार केलाच नाही. फॉर्म बाजूला सरकवला आणि म्हणाली, "काका, अजून पन्नास मिनिटं आहेत. तुम्ही ऑफिसात काय करता ते कधी सांगितलंच नाही तुम्ही. मीही कधी विचारलं नाही."

वहीकाकांनी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याची टाकी काढली. टाकीपासून मोठा पाइप, त्याच्यातून फुटलेले लहान पाइप, त्यांच्यावरचे व्हॉल्व्ह, घरं. चाळीस तक्रारींची एक कशी होते, आणि दोन गल्ल्यांचं पाणी एकाच वेळी गेलं की प्रोग्रॅम कसा मागे मागे जात दोन्हींचा मिळून एकच दोषी व्हॉल्व्ह शोधतो. शेंडेफळ उठून फळ्याजवळ आली.

"हे इथे गुंता होत नाही? पाइप गोल फिरून परत आला तर?"

"होतो ना! तिथेच सहा महिने अडलो होतो," वहीकाका म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका वाढला की शेजारच्या खोलीतला दाढीवाला डोकावला. शेंडेफळने त्याला आत बोलावलं. मग चौथ्या खोलीतली बाई आली. तिघं डोळे बारीक करून बघू लागली. दाढीवाल्याने एक चूक काढली, आणि ती खरोखरची चूक होती. वहीकाकांना त्याचा कसला आनंद झाला! बाईंनी विचारलं, "हे तुम्ही एकट्याने केलंत?" आणि मग, कुणाला उद्देशून नव्हे अशा आवाजात, "छान आहे हे."

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय झालं?"

"बघितलं त्यांनी," वहीकाका म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी वही न उघडता चपला काढल्या.

आठवडा गेला, दोन गेले. नाहीचं पत्र आलं नाही. एरवी ते चौथ्या दिवशी यायचं, इतकं वक्तशीर की काकू त्यावर दिवस मोजायच्या. मेहुणा म्हणाला, "पत्र नाही म्हणजे झालं बहुतेक काम!" आणि पहिल्यांदाच त्याने वहीकाकांना 'तुम्ही काय घेणार' असं स्वतःच्या घरी असल्यासारखं त्यांच्याच घरात विचारलं.

तिसऱ्या रविवारी सकाळी शेंडेफळ लॅपटॉप घेऊन खाली आली. तिचं तोंड बघूनच काकूंनी गॅस बारीक केला.

"काका, एक घोळ झालाय. पाचही रकाने कोरे आहेत. मशीनला सरासरी काढायला काहीच मिळत नाही. त्यामुळे तुमचा अर्ज 'विचाराधीन' दाखवतंय."

"मग विचार केव्हा होणार?"

"होणारच नाही. कुणी माणूस विचार करतच नाहीये, नुसतं तसं लिहून येतंय. आणि नाही म्हटलं नाही, तोवर तुमचं एक वर्ष सुरू होत नाही. म्हणजे पुन्हा अर्जही करता येत नाही."

"मग तू भर ना गुण तुझ्या रकान्यात!" काकू म्हणाल्या. "चांगले घसघशीत भर. त्या दिवशी तिघं तिघं बघत होतात म्हणे."

"काकू, यादीतलं कोडं नसेल तर मशीन गुण घेत नाही. मी चार दिवस झगडले, वरपर्यंत जाऊन आले. एकच आकडा घेतं." तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "शून्य. शून्य कशालाही देता येतं. ते मी उद्या दुपारी बारापर्यंतच भरू शकते, नंतर फॉर्म बंद होतो. मग लगेच नाहीचं पत्र येईल आणि पुढच्या वर्षी तुम्हाला अकरावा अर्ज करता येईल. तोवर मी स्वतः बसून नवीन कोडी रचते. तुम्ही नक्की आत याल, काका."

"मग त्यात विचारायचं काय?" काकू म्हणाल्या. शेवटचा अर्ज, शेवटचा अर्ज म्हणून त्यांनीच बजावलं होतं, ते त्या विसरल्या. "भर की! नऊ वर्षं दुसरं काय देत होते?"

वहीकाका लॅपटॉपकडे बघत होते. "हे शून्य कशापुढे लिहिलं जाणार?"

"माझ्या खोलीत जे झालं त्यापुढे."

"म्हणजे मी फळ्यावर जे काढलं, त्याच्यापुढे?"

"हो, पण काका, तो नुसता आकडा आहे. कुणी बघणार नाही."

नऊ वेळा नाही ऐकून वहीकाकांना वाईट वाटलंच होतं, पण ती सगळी शून्यं दुसऱ्यांच्या कोड्यांना मिळालेली होती. लिफ्टला, घड्याळांना, टोप्या घातलेल्या कैद्यांना. त्यांच्या पाइपांना आजवर कुणी शून्य दिलं नव्हतं. आता मिळालं तर ते त्यांनी मागून घेतलेलं असणार होतं.

"नको," ते म्हणाले. "शून्य लिहू नकोस."

"अहो, मग कायमचं दार बंद!" काकूंचा आवाज चढला.

"बंद कुठे? विचार चाललाय त्यांचा." त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण तो त्यांना भुवया आवळण्याइतकाच जमला. डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. काकूंनी आत जाऊन गॅस मोठा केला.

शेंडेफळ लॅपटॉप मिटून उठली. दारापाशी गेल्यावर म्हणाली, "काका, ते चित्र अजून फळ्यावर आहे. मी कडेला 'पुसू नये' लिहून ठेवलंय. नवी मुलं येऊन बघतात."

वहीकाकांनी झटकन मान वर केली. "अजून आहे?"

"आहे ना."

"अगं मग एक काम कर. टाकीच्या खाली, उजवीकडे वळताना, एक व्हॉल्व्ह राहिलाय. परत येताना बसमध्ये लक्षात आलं माझ्या. त्याच्याशिवाय मुलांना नीट कळायचं नाही. उद्या गेलीस की तेवढा काढशील?"

"काढते," शेंडेफळ म्हणाली.

सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला तक्रार विभागात एकदम सव्वीस फोन आले. वहीकाकांच्या पडद्यावर त्यांची एक ओळ झाली, आणि फिटर पाना खांद्यावर टाकून निघाला.